सर, "विकली गेली" म्हणायच्या आधी एकदा सड्यावर या

(कोल्हापूर जिल्ह्यातल्या कॉलेजांत बॉटनी, झुऑलॉजी आणि एन्व्हायर्नमेंट शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र)

सर, मॅडम, नमस्कार.

एकालाच नाव घेऊन लिहिलं असतं तर भांडण झालं असतं आणि मला भांडायचं नाहीये, म्हणून सगळ्यांना मिळून लिहितेय. ज्याला लागेल त्यानं लावून घ्यावं, बाकीच्यांनी हसून सोडून द्यावं.

निमित्त असं झालं की मागच्या महिन्यात एक पोरगी मला भेटायला आली, एमएस्सी नुकतीच संपलेली. राजारामपुरीत चहाला बसलो. हुशार पोरगी आहे, गवतं ओळखते, आणि फूल नसताना गवत ओळखणारी माणसं आपल्याकडं किती उरलीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्यापुढं दोन गोष्टी होत्या, पीएचडीला नाव घालायचं किंवा प्रकल्पांचे पर्यावरण अभ्यास करून देणाऱ्या पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीची नोकरी धरायची. तिनं तिच्या सरांना विचारलं तर सर म्हणाले, "तिकडं गेलीस की तू इकॉलॉजिस्ट राहत नाहीस, सही करायचं मशीन होतेस. एकदा विकली गेलीस की परत माझ्याकडं येऊ नकोस." पोरगी हे सांगताना रडली वगैरे नाही, पण बशीतल्या बिस्किटाचा तिनं बोटानं पार भुगा केला.

त्या सरांना मी ओळखते. माणूस चांगला आहे, पोरांसाठी जीव टाकतो, स्वतःच्या खिशातनं टूरचे पैसे भरतो. म्हणून तर लिहावंसं वाटलं, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी लक्षच दिलं नसतं.

आधी माझं सांगते. २००९ ला एमएस्सी बॉटनी, २०१० ला जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, तेव्हा महिन्याला १६ हजार मिळायचे आणि गल्लीत वाटायचं पोरगी कलेक्टर झाली. विषय होता सड्यावरच्या वनस्पती. तुम्हाला सांगायला नको पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून सांगते, शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगडाकडं डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत, त्यांना आपल्याकडं सडा म्हणतात. सातबाऱ्यावर बघाल तर पोटखराबा, म्हणजे पिकाला निकामी. मार्च ते मे तिथं करपलेलं गवत, तापलेला दगड आणि कडेला करवंदीच्या जाळ्या, बास. आणि पाऊस लागला की त्याच दगडाच्या खळग्यात बोटभर मातीत अशी काय गर्दी होते की पाय कुठं ठेवायचा कळत नाही. पाच वर्षं मी तिथं एक मीटरच्या चौकोनात गुडघे टेकून एकेक रोप मोजलं, एसटीनं गेले, टमटमनं गेले, एकदा दुधाच्या गाडीत कॅनवर बसून आले. माझ्या गाईडनी मला काय दिलं ते मी विसरलेली नाही. एखादी गोष्ट दिसली नाही म्हणून ती नाही असं लिहायचं नसतं, हे त्यांनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. हे वाक्य पुढं मला लई महागात पडलं, ते नंतर सांगते.

२०१५ ला डॉक्टरेट आणि मग दोन वर्षं सीएचबी, म्हणजे कॉलेजात तासावर पैसे घेऊन शिकवणं. आठवड्याला नऊ तास, महिन्याचे धरले तर दहा हजाराच्या आसपास, तेही महिन्याच्या महिन्याला नाही, बिलं मंजूर होऊन मार्चएंडला एकदम, आणि एप्रिल संपला की आपण कॉलेजचे कुणीच नाही. आता तासाचा रेट वाढलाय म्हणतात, वाढू दे, चांगलंच आहे. एका संस्थेत परमनंट जागेच्या इंटरव्ह्यूला गेले होते. पॅनेलनं थिसिसवर दोन प्रश्न विचारले, मग एक गृहस्थ व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, घरची शेती किती आहे?" मला वाटलं माणूस शेतीतला आहे, आपुलकीनं विचारतोय, म्हणून मी सांगायला लागले की दीड एकर आहे, ८६०३२ ऊस लावलाय, यंदा हुमणी लागलीय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं! घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी समजावलं की अगं तो ऊस नव्हता विचारत.

२०२१ च्या शेवटी सरकारनं २०८८ प्राध्यापकांच्या जागा भरायला मान्यता दिली तेव्हा आमचे सेट-नेटवाल्यांचे ग्रुप रात्रभर वाजत होते. अख्ख्या महाराष्ट्रात सगळे विषय मिळून २०८८. त्यात बॉटनी किती, बॉटनीत इकॉलॉजीवाला घ्यायची इच्छा किती जणांना, आणि बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या क्रमात, आपला बिंदू कुठं येतोय. हे गणित तुम्हाला तोंडपाठ असतं सर. मग पीएचडीला नाव घालायला आलेल्या पोराला ते का सांगत नाही? आज जेआरएफ ३७ हजार आहे, दोन वर्षांनी तीच एसआरएफ होऊन ४२ हजार, म्हणजे पाच वर्षं पोरगं बरं जगतं, कुणी नाही म्हणत नाही. सहाव्या वर्षाचं कोण सांगणार? तुमच्या हाताखालनं बाहेर पडलेल्या शेवटच्या दहा पीएचडींपैकी किती परमनंट झाले, किती सीएचबीवर आहेत, किती जण क्लास घेतायत आणि किती जणांनी गावाकडं पोल्ट्री टाकली, एवढी एक यादी विभागाच्या नोटीस बोर्डावर लावा. ती वाचून पोरगं आलं तर खरं आलं समजा.

तर २०१७ ला मी "विकली गेले".

आता इथं सरांच्या बाजूनं बोलते, कारण ते पूर्ण चुकीचे नाहीत. २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासणं) नोटिफिकेशनमुळं मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीआधी अभ्यास करून घ्यावा लागतो, प्रकल्पाभोवती साधारण दहा किलोमीटरचा परिसर बघायचा असतो, आणि हे काम नॅबेट ह्या मंडळाची मान्यता असलेल्या कन्सल्टन्सीनंच करायचं, तिच्याकडं इकॉलॉजी अँड बायोडायव्हर्सिटीचा मान्यताप्राप्त माणूस असावाच लागतो. तो माणूस म्हणजे मी. पहिल्या महिन्यात माझ्या टेबलावर एक ड्राफ्ट आला, सह्याद्रीच्या माथ्यावरचा प्रकल्प, आणि झाडांच्या यादीत अकराव्या नंबरला तिवर. तिवर! खाडीत चिखलात वाढणारं झाड डोंगराच्या डोक्यावर. शेजारच्या टेबलवाल्याला विचारलं तर तो मान वर न करता म्हणाला, "कोकणातल्या जुन्या रिपोर्टातनं आलं असेल, उडवा." उरलेली यादी बघितली तर ती यादव सर आणि सरदेसाई सरांच्या २००२ च्या कोल्हापूर जिल्ह्याच्या फ्लोरातनं, म्हणजे जिल्ह्यातल्या वनस्पतींच्या पुस्तकातनं, उचललेली. आता जिल्ह्याच्या फ्लोरातली वनस्पती जिल्ह्यात आहे हे कबूल, पण ह्या गटनंबरात आहे का? ते बघायला कुणी गेलंच नव्हतं.

आणि मग माझा स्वतःचा सडा आला. म्हणजे पीएचडीचा नाही, पण त्याच्याच जातीचा, बॉक्साईटच्या खाणीसाठी. नियम असा आहे की खाणीच्या अभ्यासाला एका सीझनचा डेटा चालतो आणि तो पावसाळा सोडून, म्हणजे मार्च ते मे नाहीतर ऑक्टोबर ते डिसेंबर नाहीतर डिसेंबर ते फेब्रुवारी. हवेतली धूळ मोजायला ते ठीक आहे, पावसात धूळ कुठली सापडणार, पण तोच सीझन त्यांनी झाडापानांनाही लावून टाकला. आम्ही गेलो एप्रिलमध्ये. मी आणि ड्रायव्हर मामा, सकाळी आठपासून. दगडाच्या एका खोलगट भागात मातीचा पापुद्रा सुकून भेगाळला होता आणि त्यात काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक अशा वाळक्या काड्या उभ्या होत्या, टोकाला राखाडी गुंडी. मामा म्हणाले, "वाळलेलं गवत आहे मॅडम." गवत नव्हतं ते, गेल्या पावसातला गेंद होता, पांढऱ्या गुंडीसारखं फुलणारं सड्यावरचं रोप. मी तिथं पाच वर्षं बसलेली म्हणून मला कळलं, नाहीतर कुणालाही ते गवतच वाटलं असतं.

रिपोर्टात मी एक पॅरा घातला की ह्या जागेवरच्या बहुतेक वनस्पती फक्त पावसाळ्यात दिसतात, ऑगस्ट-सप्टेंबरात परत पाहणी केल्याशिवाय इथं काय आहे ते सांगता येणार नाही. बॉसनी वाचलं, म्हणाले, "पॅरा मस्त आहे हो, पण क्लायंट विचारणार दुसऱ्या व्हिजिटचं बिल कुणी भरायचं." शेवटी पॅऱ्याची एक ओळ झाली, परिसरात हंगामी वनस्पती आढळतात. खाली सही माझी. गाईडांचं ते वाक्य आठवलं, तरी सही केली, कुणी हात धरून करून घेतली नाही.

सप्टेंबरात सुट्टी टाकून स्वतःच्या पैशानं तिथं गेले. जिथं मामांना वाळलं गवत दिसलं होतं तिथं गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, मधनंमधनं सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं, आणि दगडाच्या कडेला दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती, पानाच्या केसांवर चिकट थेंब आणि एका पानात एक चिलट अडकून पाय हलवत होतं. फोटो काढले, जीपीएस घेतला, आणि मग तिथं बसून विचार केला की हे आता पाठवू कुणाला.

पुढं जनसुनावणी झाली. सर, हा भाग नीट वाचा. जनसुनावणीची तीस दिवस आधी पेपरात नोटीस येते, कुणीही येऊन बोलू शकतं, लेखी हरकत देऊ शकतं. मंडपात शे-दीडशे माणूस होतं, अधिकारी, पोलीस, सरपंच, बाया, पोरं. प्रोजेक्टरच्या मागं खुर्चीवर मी. एक म्हातारा धनगर उठला, घोंगडं सावरलं आणि माईक न घेताच बोलला, "सायेब, पावसुळ्यात हितं पाय ठिवाय जागा नसती एवढी फुलं असत्यात. तुम्ही शिमग्यानंतर येऊन काय बघितलासा?" माझाच प्रश्न! माझ्या थिसिसमधला प्रश्न, त्यानं एका वाक्यात विचारला. उत्तर कंपनीच्या माणसानं दिलं, नियमानुसार अभ्यास झालेला आहे. मी गप्प बसले, कारण मी त्यांच्या पगारावर होते. पण त्या मंडपात पगारावर नसलेला, सड्यावरचं सगळं माहीत असलेला एक तरी माणूस असायला नको होता का? गावापासून दीड-दोन तासावर कोल्हापूर आहे, तिथं सड्यावर पेपर लिहिलेली किती माणसं आहेत ते मला माहीत आहे, माझ्याच थिसिसमध्ये त्यांचे रेफरन्स आहेत. एकही आलं नाही. "विकली गेली" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो इथला आहे. मी गप्प बसले ते पगारासाठी, तुम्ही कशासाठी?

(त्या खाणीचं पुढं दुसऱ्याच कारणानं रखडलं. माझ्यामुळं नाही, म्हाताऱ्यामुळं पण नाही. उगाच गोष्ट गोड करून सांगत नाही.)

ती कन्सल्टन्सी मी वर्षभरात सोडली आणि दुसरी धरली, जिथं पॅरा कापायच्या आधी विचारतात तरी. आणि प्रायव्हेट म्हणजे काय फक्त ईआयए नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, घालावे लागतात, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून लिस्टेड असलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणाचा हिशोब द्यायला लावलाय, त्यामुळं आता कंपन्या स्वतःहून इकॉलॉजिस्ट शोधतात. ते काय करायचं हे त्यांना कळत नाही ही गोष्ट वेगळी. एका कंपनीला, नाव सांगत नाही, पावसाळ्यात पाच हजार झाडं लावायची होती आणि जागा कुठली निवडली तर सडा. का तर मोकळा आहे, ओसाड आहे, सातबाऱ्यावर पोटखराबा आहे. ब्रेकर लावून जांभ्यात खड्डे मारणार होते. मी त्यांच्या साहेबांना म्हटलं एक दिवस द्या. सप्टेंबरात नेलं वर, बूट काढायला लावले, गुडघ्यावर बसवलं आणि हातात भिंग दिलं. दवबिंदूच्या पानावर मुंगी चिकटलेली बघून तो माणूस पंधरा मिनिटं उठलाच नाही, फोन वाजत होता तरी. झाडं खाली ओढ्याच्या काठाला लागली, तीही आपली, जांभूळ, करंज, उंबर. सड्यावर एकही खड्डा पडला नाही. माझ्या अख्ख्या पीएचडीनं त्या सड्याचं जेवढं राखलं नसतं तेवढं त्या एका सकाळनं राखलं, आणि ती सकाळ मला पीएचडीशिवाय जमली नसती, हेही खरं आहे.

पगाराचा आकडा सांगत नाही, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन माझ्या मेडिक्लेममधनं झालं, आणि फिल्डला जाताना ऑफिसची गाडी असते, संध्याकाळी पाचची शेवटची एसटी चुकली तर काय ही धाकधूक नसते. पोरींना हे किती महत्त्वाचं असतं ते मॅडम लोकांना तरी कळेल. उलट बाजूला डेडलाईन आहे, डेटा क्लायंटचा, आपण त्यावर पेपर लिहायचा नाही, आणि सगळ्यात टोचतं ते म्हणजे तोच तुकडा पुढच्या वर्षी परत बघायला कुणी पैसे देत नाही. काम संपलं, फाईल बंद.

ते फक्त तुमच्याकडं होऊ शकतं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथला अभ्यास २०१८ मध्ये आला होता, तुम्ही वर्गात शिकवत असालच. पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, आणि पक्षी कमी म्हणून सरडे भरमसाट, आणि त्या सरड्यांचं वागणंसुद्धा बदललेलं. (त्या सरड्याच्या जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, २०१६ मध्ये शास्त्रीय नावच सरडा असं दिलंय, आपलं मराठी, मला ह्याचं भारी कौतुक आहे.) पक्षी पात्याला धडकून किती मेले एवढंच मोजायला आम्हाला बोलावतात. पक्षी गेल्यावर खाली सरड्याचं काय झालं हा प्रश्न कुठलाच क्लायंट विचारत नाही, विचारणारही नाही. म्हणून ज्या पोराला असले प्रश्न रात्री झोपू देत नाहीत त्याला खुशाल पीएचडीला घ्या, मी स्वतः पाठवीन तुमच्याकडं. पण ज्या पोरीला बापाचं कर्ज दोन वर्षांत फेडायचंय तिला "विकली गेलीस" म्हणू नका.

आणि जे जाणारच आहेत त्यांना रिकाम्या हातानं पाठवू नका. आमच्याकडं नवीन पोरं येतात, त्यांना जैवविविधता मोजायच्या शॅनन इंडेक्सचा फॉर्म्युला पाठ असतो आणि एप्रिलमध्ये पानं गळलेलं झाड सालीवरनं ओळखता येत नाही. क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर नकाशा करता येत नाही. तलाठ्याला कळेल असं एक पान लिहिता येत नाही, आणि बॉसला "सर, हे असं लिहिता येणार नाही" म्हणायचं कसं हे तर कुणी शिकवतच नाही, मलाही नव्हतं शिकवलं. एक सोपी गोष्ट करा. ईआयए रिपोर्ट सरकारच्या परिवेश पोर्टलवर टाकलेले असतात, फुकट. आपल्या तालुक्यातला एखादा उतरवून घ्या आणि एमएस्सीच्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून द्या, की ही रिपोर्टातली यादी, ही जागा, जाऊन तपासा, पावसाळ्यात जा. तिवर सापडतंय का बघा. आमच्यासारख्यांचे रिपोर्ट कुणीतरी तपासतंय एवढं कळलं ना, तरी निम्मे बॉस पॅरा कापायच्या आधी दोनदा विचार करतील. आणि पोरं जनसुनावणीला न्या. बोलू नका हवं तर, नुसते जाऊन बसा.

यूजीसीनं २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस आणलं, १५ वर्षं प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला पीएचडी नसली तरी शिकवायला घेता येतं, मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत. माझी अजून तेवढी वर्षं भरायची आहेत त्यामुळं स्वतःसाठी मागत नाही, काळजी नको. पण जिल्ह्यात अशी माणसं आहेत. त्यांना वर्षातनं एकदा हार-श्रीफळ देऊन गेस्ट लेक्चरला बोलावता, त्यापेक्षा एक सेमिस्टर द्या की. आणि बाहेर गेलेल्या पोराला चार वर्षांनी पीएचडी करावीशी वाटली तर तेव्हा दार उघडा, तोवर त्याला कुठला प्रश्न विचारायचा ते कळलेलं असतं. मला स्वतःला २०१० पेक्षा आत्ता पीएचडी जास्त चांगली जमली असती असं वाटतं.

त्या पोरीनं अजून ठरवलेलं नाही. मी तिला नोकरी धर असंही म्हटलं नाही आणि पीएचडी कर असंही नाही. एवढंच म्हटलं की सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी सड्यावर जाणार आहे, दरवर्षी जाते, तोच जुना एक मीटरचा चौकोन मोजायला, कुणी पैसे देत नाही तरी. ती येतेय.

गाडी माझी आहे, पहाटे साडेपाचला दसरा चौकातनं निघायचं. मागं दोन जागा रिकाम्या आहेत. तुम्ही आलात सर तर तुमच्या शेजारी तीच बसेल, एवढं फक्त आधीच सांगून ठेवते. डबा आपापला आणायचा, आणि जळवा आहेत, तंबाखूचं पाणी मी घेतलंय.

तुमचीच एक जुनी विद्यार्थिनी
कोल्हापूर